भाषणातले शब्द ‘कामकाजातून काढले’ म्हणजे नेमकं काय होतं?

अधिवेशन सुरू झालं की एक ओळ बातम्यांत हमखास दिसते : ‘अमुक सदस्याचे शब्द कामकाजातून काढून टाकले.’ तोवर तेच शब्द क्लिप बनून तुमच्या व्हॉट्सॲपवर पोहोचलेले असतात. मग काढलं ते काय?

राज्यघटनेच्या कलम १०५ नुसार खासदाराला संसदेत केलेल्या भाषणासाठी कोर्टात खेचता येत नाही. आमदारांना हेच संरक्षण कलम १९४ देतं. बाहेर कुणाला ‘चोर’ म्हटलं तर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो, सभागृहात मात्र ती भीती नाही. म्हणूनच तिथे शब्दांना आवर घालायचं काम सभागृहाच्या स्वतःच्या नियमांवर येतं.

लोकसभेचा नियम ३८० सांगतो की बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द अध्यक्ष काढायला लावू शकतात. छापील कामकाजात त्या जागी चांदण्यांच्या खुणा येतात आणि खाली ‘अध्यक्षांच्या आदेशानुसार काढले’ अशा अर्थाची टीप.

पण खरा कामाचा नियम ३५३ आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. कुणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल, तर आधी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला सूचना द्यावी लागते, म्हणजे मंत्री चौकशी करून उत्तर देऊ शकतात. आरोप करायला बंदी नाही. समोरच्याला उत्तराची संधी द्या, एवढीच अट आहे. टीव्हीवरच्या चर्चेला हा नियम लावला तर किती जण बोलायला उरतील, कल्पना करा!

अर्थात, सभ्यतेचा नियम सत्ताधाऱ्यांच्या सोयीचाही ठरू शकतो. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या पुस्तिकेवरून मोठा वाद झाला. त्यात ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’, ‘शकुनी’ होते, तसा ‘भ्रष्ट’ अर्थाचा इंग्रजी शब्दही होता. ‘बालबुद्धी’ हा टोमणा आहे. ‘भ्रष्ट’ हा आरोप आहे आणि तो खरा असू शकतो. दोन्ही एकाच यादीत टाकले की विरोधकांनी बोलायचं कसं? अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तेव्हा स्पष्ट केलं की कोणत्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ पाहून निर्णय होतो.

काढलेला भाग छापला तर? पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतल्या भाषणाचा असा भाग छापला. संपादकांना हक्कभंगाची नोटीस आली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि डिसेंबर १९५८ मध्ये बहुमताचा निकाल संपादकांच्या विरोधात लागला. न्या. के. सुब्बा राव यांचं मत मात्र वेगळं होतं.

आता थेट प्रक्षेपणामुळे शब्द आधी घराघरात पोहोचतो आणि काढण्याचा आदेश मागून येतो.

सभागृहाबाहेर, निवडणुकीत, आदर्श आचारसंहिता लागू असते. टीका धोरणं, कार्यक्रम, आधीची कामगिरी आणि काम यांच्यापुरती ठेवावी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य काढू नये, असं ती सांगते.

क्लिप पुढे पाठवण्याआधी संदर्भ बघायचा असेल, तर लोकसभेचं कामकाज संसदेच्या वेबसाइटवर वाचायला मिळतं. प्रश्न काय होता आणि त्यावर मंत्री काय म्हणाले, हे चांदण्यांच्या आगेमागेच छापलेलं असतं.