परतीची वाट

हैदराबादेतील विद्यानगर हे सिकंदराबाद आणि काचीगुडा यांच्या दरम्यानचे एक लहानसे रेल्वे स्थानक. तेथून धावणाऱ्या विजेच्या गाडीच्या माथ्यावर 25,000 व्होल्टची तार असते. तारेतून गाडीत आलेला प्रवाह चाकांवाटे रुळांत उतरतो आणि उपकेंद्राकडे परत जातो. निघालेल्या प्रवाहाने परतावे, हा विजेचा धर्मच आहे. मात्र परतताना तो एकच वाट धरीत नाही. काही रुळांतून, काही जमिनीतून, वाट सापडेल तिकडून जातो. ध्वनिक्षेपकातून भाषणाच्या वेळी ऐकू येणाऱ्या कंटाळवाण्या गुणगुणीचे मूळ प्रवाहाच्या ह्याच स्वभावात आहे.

1838 साली म्युनिकच्या श्टाइनहाइल ह्या शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, तारायंत्राला परतीची तार लागत नाही. दोन्ही टोके जमिनीशी जोडली की पृथ्वीच ते काम करते. निम्मी तार वाचली! तारायंत्राच्या कडकट्टाला जमिनीतील किरकोळ प्रवाहांची फारशी बाधा होत नसे. पुढे टेलिफोन आला. 1882 मध्ये मुंबईतही तो सुरू झाला. मनुष्याचा आवाज ही नाजूक वस्तू. एकतारी टेलिफोनमध्ये खरखर येई, शेजारच्या तारेवरचे बोलणेही येई. त्यातच 1888 मध्ये अमेरिकेतील रिचमंड शहरी विजेच्या ट्रामगाड्या यशस्वी झाल्या आणि गावोगावी पसरल्या. त्यांचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपे आणि टेलिफोनमध्ये शिरे. जमिनीची फुकटची वाट अखेर महाग पडली.

ह्यावरील उपाय ग्रॅहॅम बेलने 1881 च्या पेटंटातच सांगितला होता. एकीऐवजी दोन तारा घ्याव्यात व त्या एकमेकींभोवती पिळाव्यात. बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच होतो आणि ऐकण्याचे यंत्र दोघींमधला फरक तेवढा घेते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली, तर काटा हलत नाही, तसेच हे. ह्यालाच समतोल जोडणी म्हणतात.

नभोवाणीने हा धडा टेलिफोनकडूनच घेतला. हैदराबाद संस्थानात 1935 साली डेक्कन रेडिओ सुरू झाला. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कन्नड ह्या भाषांनाही तेथे स्थान होते. 1950 मध्ये तो आकाशवाणीत विलीन झाला. ध्वनिमुद्रणगृहांत मायक्रोफोनचा दुबळा संदेश दोन तारांतून व वरच्या जाळीदार आवरणातून नेण्याची पद्धत जगभर रूढ झाली. घरगुती यंत्रांत मात्र काटकसर झाली. तेथे तार एकच, आणि आवरणावरच परतीचेही काम!

सभागृहात ह्या दोन जातींची यंत्रे एकत्र येतात तेव्हा घोटाळा होतो. व्यासपीठावरचा संगणक एका भिंतीवरून वीज घेतो, मागचा मिक्सर दुसरीवरून. दोन्हींचे अर्थिंग नावाला एक. पण त्यांत अल्पसा विद्युत्दाब-भेद असतोच. केबलचे आवरण दोघांना जोडते, एक वेटोळे पुरे होते आणि त्यातून 50 हर्ट्‌झचा प्रवाह फिरू लागतो. तेच आवरण संदेशाचीही परतीची वाट असल्याने गुणगुण संदेशात मिसळते.

अशा वेळी कित्येक जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतो खरा. पण यंत्रात बिघाड होऊन वीज त्याच्या पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्यास माणसाच्या देहावाचून वाट उरत नाही. हाती धातूचा मायक्रोफोन घेतलेला गायक किंवा वक्ता त्याला बळी पडू शकतो. ती पिन आवाजासाठी नसून प्राणासाठी आहे.

खरे उपाय साधे आहेत. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. दोन तारांची केबल वापरून संदेशाच्या परतीला स्वतंत्र तार द्यावी. एवढ्याने न भागल्यास मध्ये ध्वनीचा ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्यातून संदेश चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, दोन अर्थिंगांमधला धातूचा दुवा मात्र तुटतो. संदेशाला त्याची वाट द्यावी आणि अर्थिंगला त्याचे रक्षणाचे काम करू द्यावे.