शनिवार तेल्यांच्या गावी

अबू धाबीच्या सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग असलेले अब्राहमिक फॅमिली हाऊस २०२३ साली खुले झाले. ते पाहून आपण नवल करतो. पण मंडळी, सिनेगॉग आपल्या अलिबागलाही आहे, इस्रायल आळीत! समुद्रावर जायच्या घाईत तिकडे वळतो कोण?

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी व स्मारकस्तंभ आहे. पुढे हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागला. शनिवारी शब्बाथ, म्हणून घाणा बंद. गावाने नाव ठेवले ‘शनिवार तेली’! आडनावे गावांवरून पडली : दिवेकर, किहीमकर, चेऊलकर. नवसाला पोहे, गूळ, नारळाचा मलिदा होऊ लागला.

कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात. पुण्यात बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधवलेले सिनेगॉग मात्र ‘लाल देऊळ’ झाले. एकाला मशीद, दुसऱ्याला देऊळ! नाव परके वाटले, तेव्हा लोकांनी आपल्याजवळचा शब्द दिला.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. त्यांनी लढा दिला आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानणारा ठराव केला. अशा परीक्षेतूनही त्यांनी मराठी सोडली नाही; तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले.

आपली मुले इथे वाढताहेत. गाव सुटल्यावर काय उरते, हे त्यांना सांगायला याहून चांगला धडा कुठला?

सुट्टीत जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा एस.टी.ने वडखळमार्गे जा. सिनेगॉगमध्ये आधी विचारून जावे, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पुरुषांनी डोके झाकावे. शनिवार प्रार्थनेचा, त्या दिवशी फोटो काढू नयेत. आणि दफनभूमीत मुलांना दगडावरची मराठी अक्षरे जरूर वाचायला लावा.