थिबा पॅलेसच्या पलीकडची रत्नागिरी आणि १८२८ सालचं वाचनालय

हेडफोन लावलेत ना? आज आपण रत्नागिरीला चाललोय. आंबे आणि बीच नंतर बघू, आधी वाचनालयात जाऊ. थांबा, लगेच स्किप करू नका! दहा मिनिटं द्या.

शाळेतला एक प्रश्न आठवा. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र कोणतं? बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', ६ जानेवारी १८३२. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे. आज ते गाव सिंधुदुर्गात येतं, पण १९८१ पर्यंत तोही रत्नागिरी जिल्हाच होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला १८३१ मध्ये. आणि रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना आहे १८२८ ची. म्हणजे मराठीत वर्तमानपत्र निघायच्या आधी या गावात वाचनालय होतं!

राज्यातलं सर्वात जुनं सार्वजनिक वाचनालय म्हणून त्याचं नाव घेतात. तुलनेसाठी सांगतो, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची सुरुवात १८०४ ची, हे खरंय. पण तिथे सुरुवातीची कित्येक वर्षं भारतीयांना सभासदच होता येत नव्हतं.

मग रत्नागिरीतच एवढ्या लवकर का? याचं एक कारण मला कचेरीत दिसतं. १८१८ ला पेशवाई संपली, इंग्रजांनी दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला, त्याचं मुख्यालय आधी बाणकोटला होतं. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला आलं. कचेरीबरोबर कारकून आले, वकील आले, ज्यांचं पोट कागदावर चालतं अशी सगळी माणसं एका जागी जमली. त्यानंतर सहा वर्षांनी वाचनालय निघालं. मला तरी हा नुसता योगायोग वाटत नाही.

आता येऊ आजच्या मुद्द्यावर. तुम्ही फोनवर 'रत्नागिरी इतिहास' असं टाकलंत तर काय येतं? थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान. ड्रोन शॉट, मागे गाणं, संपला इतिहास. यात खोटं काहीच नाही. पण हे सगळे सुटे ठिपके आहेत. ते जोडणारी रेघ मला वेगवेगळ्या कपाटांतल्या पुस्तकांत सापडली.

थिबा पॅलेसपासूनच सुरुवात करू. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. आपण पॅलेस बघतो आणि समजतो की राजा इथे थाटात राहिला. पण तारखा बघा. पॅलेस तयार झाला १९१० मध्ये आणि थिबा वारला डिसेंबर १९१६ मध्ये. रत्नागिरीत काढलेल्या तीस वर्षांपैकी त्या पॅलेसमध्ये तो जेमतेम सहा वर्षं होता. त्याआधीची चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली. आणि याच्या उलटा प्रवास आधीच झालेला होता. १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशाह जफरला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं. इकडचा बादशहा तिकडे पुरला, तिकडचा राजा इकडे.

सुधा शाह यांचं 'द किंग इन एक्झाइल' हे २०१२ चं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. राजवाड्याच्या दाराबाहेरची गोष्ट त्यात आहे. थिबाच्या थोरल्या मुलीचं राजवाड्यावरच्या पहारेकऱ्यावर, गोपाळ सावंत यांच्यावर, प्रेम होतं. त्यांची मुलगी टूटू. राजाचं कुटुंब १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत गेलं. पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. टूटूनं इथेच संसार केला, कष्टात दिवस काढले, मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० साली गेली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात रत्नागिरीची मराठी बाई होती! हे एकदा कळलं की पॅलेसच्या रीलमध्ये काहीतरी कमी वाटायला लागतं.

आता दुसरं कपाट. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, प्रकाशन १८८०. संदर्भ विभागात जाऊन मागायचा. बंदरं, किल्ले, मासेमारी, शेती, जाती, बाजार, सगळं त्यात आहे. माणसं पोटासाठी मुंबईला जातात, ही नोंदसुद्धा १८८० मध्येच आहे. पुढे मुंबईच्या गिरण्यांत सर्वात जास्त कामगार ज्या भागातून गेले त्यात रत्नागिरी जिल्हा सर्वांत पुढे होता. आपला 'चाकरमानी' तो हाच.

आता या दोन कपाटांतल्या गोष्टी शेजारी ठेवा. राजाला रत्नागिरीत का ठेवलं? ब्रह्मदेशापासून लांब, रेल्वे नाही, मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात बोटीसुद्धा बंद. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. आणि ज्या अडचणीच्या जागेत सरकार माणसं आणून ठेवत होतं, तिथलीच हजारो माणसं पोटासाठी बोटीत बसून मुंबईला जात होती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. तेव्हा टूटू हयात होती. ही रेघ मला कुठल्याही एका पुस्तकात मिळाली नसती.

तिसरं कपाट आत्मचरित्रांचं. गॅझेटिअरमध्ये सगळं साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे. त्याला माणसं म्हणजे मोजायच्या जाती. म्हणून त्याच्या शेजारी उर्मिला पवार यांचं 'आयदान' ठेवायचं. २००३ चं पुस्तक. उर्मिलाताईंचा जन्म १९४५ चा, बालपण रत्नागिरीत गेलं. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या टोपल्या, सुपं वगैरे. त्यांची आई हे विणून घर चालवायची. आता बघा, रत्नागिरीत भागोजी कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सगळ्या जातींसाठी खुलं झालं, हे आपण अभिमानानं सांगतो. आणि त्यानंतर दोन दशकांनी त्याच गावात एका मुलीला शाळेत जातीचे चटके बसतात, हे 'आयदान' सांगतं. दोन्ही खरं आहे. फक्त एकच वाचलं तर अर्धं गाव कळतं.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, तू तर सॉफ्टवेअरवाला! गॅझेटिअर ऑनलाइन आहे की." आहे. मीही वापरतो. पण सर्चचं एक साधं लॉजिक आहे. तुम्ही जो शब्द टाइप कराल त्याच्याच जवळपासचं तो दाखवतो. 'आयदान' हा शब्दच माहीत नसेल तर तो टाइप कसा करणार? कपाटासमोर उभं राहिलं की न मागितलेलं पुस्तकही हाताला लागतं. आणि काउंटरवरच्या काकांना "रत्नागिरीवर काही आहे का?" विचारलं तर ते उलट विचारतात, "कशासाठी हवंय?" तिथून खरी गंमत सुरू होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याला वाटतं सगळ्याचा बॅकअप कुठेतरी असतोच. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या जुलैमध्ये चिपळुणात पूर आला तेव्हा ते पाण्यात गेलं. पुन्हा उभं राहिलं. २२ जुलै २०२१ ला परत पूर आला आणि पुस्तकांचा परत चिखल झाला. कादंबरी परत विकत मिळते. पण शंभर वर्षांपूर्वी गावात छापलेली एखादी स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, कुणीतरी लिहिलेला आपल्या गावाचा इतिहास, यांची कधीकधी एकच प्रत उरलेली असते. ती गेली की गेलीच. ज्या पुस्तकाला कुणी हातच लावत नाही, ते स्कॅन करायला हवं हे तरी कोण सांगणार?

आणि पैशाचं गणितही समजून घ्या. तमिळनाडूत घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात असा कर नाही. आपली बहुतेक वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात. सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देतं. बाकीचा भार सभासदांची वर्गणी आणि देणग्यांवर. म्हणजे तुम्ही सभासद झालात तर वाचनालयाला खरोखर फरक पडतो.

आपल्यातले खूप जण वाचनालयात जातात, पण फक्त अभ्यासिकेत. एमपीएससीचं पुस्तक घरून न्यायचं, खुर्ची पकडायची, चार्जर लावायचा, संध्याकाळी परत. त्यात वाईट काही नाही, घरी जागा नसेल तर अभ्यासिका हा मोठा आधार आहे. फक्त उठताना एकदा पलीकडच्या खोलीत डोकावा.

तर या आठवड्याचं काम. तुम्ही रत्नागिरीत असा, लातूरला असा नाहीतर पुण्यात पीजीवर राहत असा. जवळच्या वाचनालयाची वर्गणी विचारा, बहुतेक ठिकाणी ती महिन्याच्या डेटा पॅकपेक्षा कमी निघेल. आपल्या जिल्ह्याचं गॅझेटिअर मागा आणि आपल्या गावाचं नाव शोधा. मग त्याच गावावर, तिथल्याच माणसानं लिहिलेलं काहीतरी घ्या, आत्मचरित्र, कादंबरी, काहीही. दोन्ही पुस्तकं जिथे एकमेकांशी जुळत नाहीत ती जागा वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या एखाद्या भागात आपण तुमच्या गावाला जाऊ. भेटू लवकरच!