तीन डोक्यांचा राक्षस

ऑफिसात दोन मॉनिटर मिळाले की आम्ही हवेत! १९५१ साली 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या एडिटरसमोर, डॅन कानसमोर, तीन पडदे होते. खऱ्या प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर शूटिंग व्हायचं. तिन्ही रिळं आवाजासकट एकत्र चालवणारं अवाढव्य मूव्हिओला यंत्र त्याच्याकडे होतं. टोपणनाव 'मॉन्स्टर'.

पण यंत्राला विनोद थोडाच कळतो? लूसीचा चेहरा किती वेळ ठेवायचा, हे ठरवायचं एडिटरने. हशा खऱ्या प्रेक्षकांचा. कट जरा लवकर मारला की हशाची मजाच गेली. टीव्हीवर हे असं करून दाखवणारा आधीचा कुणी गुरू जवळपास नव्हताच. कान २०१२ साली गेला. लूसी बघताना मला मात्र त्याचं नाव कधी दिसलंच नव्हतं.