ख्रिस्तप्रसादाचा वारसा

कुंडलिकेच्या मुखाशी असलेला कोर्लईचा दुर्ग इ. स. १५९४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आला. १७४० च्या तहान्वये चौल, रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे गेली. सत्ता पालटली, परंतु कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे व त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली टिकून राहिली. ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगी आम्हांस त्या वारशाचे स्मरण होते. वेदीजवळ कसे जावे, ही रीतही त्याच वारशातील होय.

१२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे व पास्काच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घेणे बंधनकारक केले. महापाप मनात असता आधी पापनिवेदन करावे, असे १५५१ साली त्रेंत परिषदेने ठरविले. पुढे अतिभीतीने भाविक दुरावले. तेव्हा पोप दहावे पायस ह्यांनी १९०५ मध्ये वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले व त्यासाठी कृपावस्था आणि शुद्ध हेतू आवश्यक मानला. मध्यरात्रीपासूनचा उपवास १९५७ मध्ये तीन तासांवर व १९६४ मध्ये एका तासावर आला.

वाट सुगम झाली. परीक्षा मात्र सुटली नाही. संत पौलाने करिंथकरांस सांगितलेले आत्मपरीक्षण ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. बांधावरून शेजाऱ्याशी धरलेला अबोला, मजुराची थकविलेली मजुरी, मासळी विकताना मारलेले माप, हे सारे मनात दडवून आम्ही वेदीपुढे उभे राहतो काय? भीतीने दूर राहू नये, तसेच केवळ सवयीने पुढेही जाऊ नये. दोष ओळखून, निवेदन व समेट करून जावे. पूर्वजांच्या श्रद्धेचा खरा सन्मान हाच होय.