धार आणि बादली

सोलापूरच्या नवी पेठेत ऊन मी म्हणतंय. दुकानापुढे पाणी मारणारा मुलगा पाइपच्या तोंडावर अंगठा दाबतो. धार लांब जाते. अंगठा तसाच दाबून तोच पाइप बादलीत सोडला तर बादली मात्र सावकाश भरते. हे ध्यानात ठेवून निघा.

साल १८८९. सोलापूरहून वाडीमार्गे तुमची गाडी हैदराबादला पोचते. निजामाच्या पैशातून, भूल देणाऱ्या क्लोरोफॉर्मची तपासणी करणाऱ्या आयोगाचे प्रयोग चालले आहेत, मुख्यतः प्राण्यांवर. एडवर्ड लॉरी बजावतात : श्वास बघा, नाडीत गुंतू नका. तरी तुमचं बोट नाडीकडेच जातं, आणि ते चुकत नाही. क्लोरोफॉर्म थेट हृदयच थांबवू शकतो, हे १९११ मध्ये लेव्ही दाखवतील. पण नाडीवरून दाब कळतो, म्हणजे धार. मिनिटाला किती रक्त वाहिलं, ते कळत नाही.

१८८९ च्याही १९ वर्षं मागे, वुर्झबर्गमध्ये, अडॉल्फ फिक कागदावर या प्रवाहाचं गणित मांडतात. विश्रांतीतलं शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतं. हृदयातून जाणाऱ्या आणि परतणाऱ्या रक्तातल्या प्राणवायूत लिटरमागे ५० मिलिलिटरचा फरक पडतो. भागाकार करा : मिनिटाला ५ लिटर रक्त. ही झाली बादली.

आता १९७०, लॉस एंजेलिस. स्वान आणि गँझ यांच्या नळीच्या टोकाला छोटा फुगा आहे. रक्ताचा ओघच तिला हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत नेतो. पुढे याच नळीतून थंड द्रव सोडून, रक्त किती वेळात पुन्हा कोमट होतं यावरून प्रवाह मोजू लागले. पण २००३ मध्ये १,९९४ वयस्क, जोखमीच्या रुग्णांवरचा अभ्यास आला : नळी घातल्याने मृत्यू घटले नाहीत.

परत या, आजच्या ऑपरेशन थिएटरात. अन्ननलिकेतली डॉपलरची सळी महाधमनीतल्या रक्ताचा वेग ऐकते. सर्जनची विजेची सुरी चालली की आवाज फाटतो. मनगटातली नळी नाडीच्या लाटेवरून अंदाज बांधते; रक्तवाहिन्या अचानक आवळल्या की तो ढळतो. म्हणून भूलतज्ज्ञ एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. थोडं सलाईन देतात आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढलं का, ते बघतात. वाढलं नाही, तर सलाईन थांबवतात. यंत्र कुठलंही असो, खरं मोल या बघण्याला आहे.

थिएटरबाहेर कुणी म्हणेल, "बीपी चांगलं आहे." तुम्ही मान डोलवाल. मग विचाराल, "आणि रक्त पोचतंय ना?"