मूतखडा, बैल आणि गिनीपिग : गोदाकाठच्या पशुवैद्यकाचा एक धागा

नाशिकरोडजवळ गोदावरीच्या काठी वसलेले एकलहरे हे गाव आज महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. या केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला, २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले, आणि कोळशाच्या वाघिणींबरोबरच पगारदार कुटुंबांची एक मोठी वसाहतही या काळ्या मातीवर आली. त्याआधीचे एकलहरे हे गोदाकाठच्या इतर गावांसारखेच शेतीवर जगणारे गाव होते आणि त्याच्या अर्थव्यवहाराचा कणा बैल हा होता. माणसाच्या सहवासातील जनावर गोठ्यातून घरात, आणि औतावरून पिंजऱ्यात कसे आले, हे अशा गावांच्या बदलातून दिसते. परंतु जनावर बदलले तरी त्याला होणारा एक जुना आजार बदललेला नाही, आणि तो म्हणजे लघवी तुंबणे. या एका आजाराचा माग घेतला, तर कोणत्या प्राण्याला उपचाराचा हक्क केव्हा मिळाला, याचा इतिहास हाती लागतो.

बैलाचा मूतखडा हा शेतकऱ्याला फार पूर्वीपासून परिचित असलेला आणि धसका घ्यायला लावणारा रोग होय. बैलाच्या मूत्रनलिकेला, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या नळीला, शरीराच्या आतच एक नागमोडी दुहेरी वळण असते आणि मूत्राशयात तयार झालेला खडा बहुधा याच वळणावर येऊन अडकतो. गोऱ्हा फार लवकर खच्ची केला, तर या नलिकेची वाढ पुरेशी होत नाही व ती अरुंद राहते, त्यामुळे गायीपेक्षा बैलात हा रोग अधिक घातक ठरतो. गायीची नलिका आखूड आणि रुंद असल्याने तिच्यातील खडे सहसा वाहून जातात. रोगी बैल पुन्हा पुन्हा पाय फाकून कुथतो, पोटावर लाथा मारतो, लघवी थेंबथेंब येते किंवा मुळीच येत नाही, आणि अडथळा दूर न झाल्यास काही दिवसांत मूत्राशय फुटून लघवी पोटात उतरते. त्यानंतर जनावर क्षणभर शांत झाल्यासारखे दिसते, आणि ही शांतताच अनेक मालकांना फसवत आली आहे. खड्याचे द्रव्य चाऱ्यावर ठरते: पेंड आणि धान्य जास्त दिल्यास फॉस्फेटचे खडे बनतात, वाळूसारख्या सिलिका नावाच्या द्रव्याने भरलेल्या गवतावर चरणाऱ्या जनावरात सिलिकाचे, तर लसूणघासासारख्या चुनायुक्त द्विदल चाऱ्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे. या सर्वांवर कमी पाणी पिण्याची भर पडली की रोग बळावतो.

प्राचीन भारतीय वैद्यकाला अश्मरी, म्हणजे मूतखडा, उत्तम परिचित होता. सुश्रुतसंहितेत तिचे वातज, पित्तज, कफज आणि शुक्रज असे चार प्रकार सांगून शस्त्रकर्माचे सविस्तर वर्णन केलेले आहे. प्राण्यांच्या वैद्यकाची मात्र विभागणी राजसत्तेच्या गरजेनुसार झालेली दिसते. शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाणारी परंपरा घोड्याची, आणि पालकाप्याच्या नावावरील हस्त्यायुर्वेद हत्तीचा. हा दुसरा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये आपल्या संस्कृत ग्रंथमालेत छापून सर्वांस उपलब्ध करून दिला, ही महाराष्ट्राने या विद्येची केलेली मोठी सेवा मानली पाहिजे. घोडा आणि हत्ती ही युद्धाची साधने असल्याने त्यांच्या आजारांना ग्रंथ मिळाले, आणि बैल मुख्यत्वे गावातील जाणत्या माणसाच्या हाती राहिला. त्या जाणत्याचे औषध शेताच्या बांधावरच उगवत असे. सराटा, म्हणजे ग्रंथातील गोखरू, पुनर्नवा किंवा घेटुळी, वाळा, आणि कुळथाचे कढण ही सर्व द्रव्ये लघवी वाढवणारी व साफ करणारी समजली जात आणि माणसाच्या मूतखड्यावरही तीच दिली जात. बारीक रेव असलेल्या जनावराला भरपूर कढण पाजल्याने, निदान त्यातील पाण्यामुळे, लाभ होत असणे शक्य आहे; परंतु वळणात घट्ट रुतलेल्या खड्यापुढे काढ्याचा इलाज चालत नाही, आणि अशा वेळी तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा जो उपाय केला जाई, त्याने आधीच वेदनेत असलेल्या जनावराच्या वेदनेत भर घालण्यापलीकडे काही साधत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्षेत्रात दोन वेगळ्या प्रेरणांनी संस्था उभ्या राहिल्या. एक प्रेरणा जीवदयेची होती: मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली आणि नाशिकमध्ये १८७८ मध्ये पंचवटी पांजरापोळ सुरू झाली, जिच्यामुळे निकामी ठरलेल्या गुरांना कसाईखान्याऐवजी आसरा मिळण्याची सोय या जिल्ह्यात झाली. दुसरी प्रेरणा शास्त्रीय वैद्यकाची होती. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उघडले आणि त्याच्याच आधाराने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, ज्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्यक होते. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेली आणि १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवलेली शाही जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा याच प्रवाहातील होय. तथापि सरकारी पशुवैद्यक खात्याचे सारे बळ बुळकांडी, घटसर्प आणि फाशी या साथींवर खर्च होत होते, कारण एका बुळकांडीने गावेच्या गावे बैलांवाचून उघडी पडत. एकट्या बैलाच्या एका खड्याची दखल घेण्याइतकी उसंत त्या व्यवस्थेला नव्हती. ती उसंत स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण भागातील जनावरांचे दवाखाने त्यांच्याकडे आल्यावर, हळूहळू मिळाली. मूत्रनलिकेला छेद देऊन खडा काढणे, किंवा मूत्राशयात तात्पुरती नळी बसवून लघवीला वेगळी वाट देणे, या शस्त्रक्रिया आता परिचित आहेत, आणि भांड्यांच्या कल्हईसाठी वापरला जाणारा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, योग्य मात्रेत देऊन लघवी आम्ल करण्याचा व फॉस्फेटचे खडे विरघळवण्याचा उपायही पशुवैद्यक योजतात.

गिनीपिगचा इतिहास या कथेला अगदी वेगळ्या दाराने येऊन मिळतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवलेला हा लहान कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांचा प्राणी, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि तेथून प्रयोगशाळेत शिरला. लाव्हाझिए याने १७८० च्या दशकात प्राण्याच्या शरीरातील उष्णता मोजली ती गिनीपिगवर; रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही याच प्राण्याला रोग जडवून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, हाफकिन यांनी लस तयार केली आणि त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. या काळात ग्लेन लिस्टन या वैद्यकाला मुंबईच्या राणीच्या बागेतील गिनीपिग प्लेगने मेलेले आढळले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. पुढे १९०५ नंतरच्या प्लेग संशोधनात प्लेगग्रस्त घरांमध्ये गिनीपिग मुद्दाम सोडून त्यांच्यावर पिसवा गोळा करण्यात आल्या, आणि प्लेग उंदराकडून पिसवेमार्फत माणसाकडे येतो हे निश्चित झाले. नाशिकसह साऱ्या इलाख्याला ज्या रोगाने उद्ध्वस्त केले, त्याचे कोडे उलगडण्यात या मुक्या प्राण्याचा वाटा एवढा मोठा होता. परळमध्ये जनावरांचे रुग्णालय आणि प्लेगची प्रयोगशाळा एकाच परिसरात होत्या. पण गिनीपिग साधन म्हणून परिचित झाला आणि रुग्ण म्हणून त्याचा विचार होण्यास फार काळ जावा लागला, ही त्या विज्ञानयुगाची उणीव म्हणून नोंदवणे भाग आहे.

माणसासाठी केलेल्या या प्रयोगांतूनच गिनीपिगच्या शुश्रूषेची दोन मूलतत्त्वे अनायासे उजेडात आली. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगला माणसाप्रमाणेच स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या व सांध्यांतून रक्त येण्याचा रोग, होतो. बैल, कुत्रा, मांजर हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात, गिनीपिगला ते बनवता येत नाही. दुसरे तत्त्व १९४३ मध्ये कळले: त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पेनिसिलिन गिनीपिगला मारक ठरले, कारण ते त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट करून विषारी जंतूंना मोकळे रान देते. ऑक्सफर्डमध्ये १९४० मध्ये पेनिसिलिनची पहिली कसोटी पांढऱ्या उंदरांवर झाली, गिनीपिगवर झाली नाही, हे माणसाचे भाग्यच म्हणावे लागेल. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने १९५० च्या दशकात पेनिसिलिन स्वस्त केल्यावर ते गावोगावच्या गोठ्यात कासदाहासाठी सर्रास पोचले. म्हणूनच गाय-म्हैस तपासणाऱ्याच्या पिशवीतील हेच औषध, किंवा घरातील लहान मुलाच्या खोकल्यासाठी आणलेले त्याच कुळातील अमॉक्सिसिलिन, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गिनीपिगला देणे किती घातक आहे, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते.

बैलाचे ज्ञान गिनीपिगला जसेच्या तसे लागू होत नाही, याचे कारण या प्राण्याच्या चुन्याच्या हिशेबात आहे. बहुतेक सस्तन प्राणी चाऱ्यातील कॅल्शियम गरजेपुरते शोषतात. ससा आणि गिनीपिग मात्र खाल्ले त्या प्रमाणात शोषतात आणि उरलेले मूत्रपिंडावाटे टाकून देतात. त्यामुळे निरोगी गिनीपिगची लघवीही गढूळ व अल्कधर्मी असते आणि वाळल्यावर पांढरट डाग सोडते. तो डाग चूर्णासारखा मऊ असेल तोवर चिंता नसते. बोटाला वाळूसारखा खरखरीत लागू लागला, तर मूत्राशयात गाळ साचू लागल्याची शंका घ्यावी. खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दहांपैकी आठांहून अधिक खडे याच प्रकारचे निघाले. हे खडे औषधाने विरघळत नाहीत, आणि बैलाच्या फॉस्फेटवर उपयोगी पडणारा नवसागर येथे निरुपयोगी तर आहेच, पण अपायकारकही ठरू शकतो. मादीची मूत्रनलिका आखूड असून तिचे तोंड गुदद्वाराजवळ असल्याने, ओल्या व घाण झालेल्या अंथरुणातून आतड्यातील जंतू सहज वर चढतात, आणि संसर्ग व खडा ही दोन्ही संकटे पुष्कळदा एकत्र येतात. नराची नलिका लांब असते, म्हणून त्याचा खडा वाटेत अडकून लघवी पूर्ण बंद होण्याचा धोका मोठा.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने यात एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. दुभत्या गायीसाठी येथे घरोघरी पिकवला जाणारा लसूणघास हा हाताशी असलेला, हिरवागार आणि स्वस्त चारा असल्याने, तोच गिनीपिगलाही घालावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साध्या गवतापेक्षा त्यात कॅल्शियम दुपटी-तिपटीने अधिक असते, आणि वाढीचे पिल्लू किंवा गाभण मादी सोडली तर प्रौढ गिनीपिगला तो नित्य देऊ नये. त्याचा खरा आहार वाळवलेले गवत हा आहे. मारवेल, हरळी किंवा डोंगरउतारावरचे स्वच्छ, बुरशी नसलेले गवत त्याला दिवसभर मिळाले पाहिजे, कारण चघळण्याने त्याचे सतत वाढणारे दात झिजतात आणि आतडे चालू राहते. क जीवनसत्त्वासाठी जिल्ह्यातील शेडनेटमध्ये पिकणारी ढोबळी मिरची उत्तम, कारण तिच्यात कॅल्शियम कमी आणि शंभर ग्रॅममागे साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोस रोज सुमारे १० मिलिग्रॅम पुरते, आजारात ते ३० पर्यंत वाढवतात. पेरूची लहानशी फोड चालते, साखरेमुळे त्याहून अधिक नको. पालक आणि कोथिंबिरीच्या जुड्या रोज घालणे टाळावे. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्वाचे थेंब लवकर निकामी होतात आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी कठीण असल्यास गोडे पाणी द्यावे आणि भाज्या धुऊन ओल्याच घालाव्यात, म्हणजे पोटात पाणी अधिक जाते.

रोग झाल्याची खूण आवाजाने कळते. लघवी करताना गिनीपिग चिरक्या स्वरात ओरडतो, पाठ कमानीसारखी उचलून बसतो, अंथरुणावर रक्ताचे डाग दिसतात, मागचा भाग सतत ओला राहतो आणि वजन उतरते. भक्ष्य असलेला प्राणी वेदना लपवतो, म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून लिहून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा पहारा होय. कॅल्शियमचे खडे क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतात. मूत्राशयातील मोठा खडा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो, आणि तो काढल्यावरही पुन्हा होण्याची शक्यता राहते, हे मालकाने आधी समजून घ्यावे. सराट्याचा किंवा कुळथाचा काढा यावर उपाय म्हणून पाजू नये. लघवी पूर्ण बंद झाली असेल तर सकाळची वाट न पाहता, एकलहरेच काय पण जिल्ह्यातील कोणत्याही गावातून, लहान प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी न्यावे. सोबत त्याचे नेहमीचे गवत व भाजी घ्यावी, कारण गिनीपिगला उलटी होत नाही, त्याला दीर्घकाळ उपाशी ठेवण्याची गरज नसते, आणि बारा तास न खाल्लेला गिनीपिग मूळ आजाराआधी बंद पडलेल्या आतड्यानेच दगावू शकतो.